थंडीत जास्त वितळणारा बर्फ

मालिवानला तिच्या सख्ख्या घरानं चोर ठरवलं. जेवणाच्या टेबलावर, ताटातला भात संपायच्या आत. तिनं कमरेची चावी सोडून आमटीच्या भांड्याशेजारी ठेवली, एक कापडी पिशवी उचलली आणि ज्या बर्फाच्या कारखान्यात तिची सत्तावीस वर्षं गेली तिथून ती निघून गेली. शेवट असा झाला.

आता हे विसरून जा. असं काही घडलंच नाही. बँकॉकजवळच्या मेक्लोंगला जाऊन त्या घरात विचाराल तर तिचे वडील, म्हणजे पा, म्हणतील, घडलं नाही. तिची आई, म्हणजे मा, म्हणेल, कशाबद्दल बोलताय. आणि पोंग तुम्हाला थंडगार पाण्याचा पेला आणून देईल आणि पेला रिकामा होईपर्यंत पंख्याकडे बघत बसेल. तेव्हा आपणही कोऱ्या मनानं सुरुवात करू, नवं सॉफ्टवेअर करतं तशी.

पोंग बँकॉकहून शनिवारी सकाळी आला तेव्हा त्याच्या एका हातात लॅपटॉप होता आणि दुसऱ्या हातात माच्या आवडीचे वाफवलेले पाव. तो मालिवानचा धाकटा भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोळंबी परदेशी पाठवणारी एक कंपनी, आणि तिनं कळवलं होतं की पहिल्या तारखेपासून बिल संगणकातून थेट संगणकात आलं तरच बर्फ घेऊ, नाहीतर दुसरीकडे बघू. आणि मालिवानच्या टेबलावरचा हिशेबाचा प्रोग्रॅम तर अजून काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवत होता. तो ज्यानं लिहिला तो माणूस पुढे भिक्खू झाला, आणि दुरुस्तीसाठी फोन केला की शांतपणे सांगायचा, सर्व काही अनित्य आहे.

"दोन दिवसांचं काम, ताई," पोंग म्हणाला. "तू फक्त बाजूला बस."

बाजूला... मालिवानच्या हिशेबाच्या खुर्चीच्या बाजूला बसायला कधी कुणी जागाच ठेवली नव्हती. त्या खुर्चीपायी तिनं प्रसितमास्तरांना नकार दिला होता. गणिताचे मास्तर, साधे, सरळ. सात वर्षं थांबले आणि मग राचबुरीला बदली मागून तिथेच लग्न करून मोकळे झाले. लग्न करून जायचं म्हणजे खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसणार; दुसरं कुणी बसलं की पडदा बघणार; आणि पडद्यावर जे होतं ते बघायचा अधिकार तिला जगात कुणालाच देता येत नव्हता, कारण ते तिचं नव्हतंच... ते दुसऱ्यांनी विश्वासानं तिच्या ओटीत टाकलेलं होतं.

बर्फाच्या धंद्यात माल स्वतःच्या पायांनी पळून जातो. सकाळी चाळीस लाद्या साच्यांतून काढाव्यात, संध्याकाळी मोजाव्यात, तर काही पाणी होऊन गटारात गेलेल्या असतात. म्हणून मालिवानच्या हिशेबात 'घट' नावाचं एक खातं होतं. त्या खात्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नसे. बर्फ वितळतो, यावर त्या घरात एकमत होतं. दुसऱ्या कशावरही नव्हतं.

नदीपलीकडे सायपिन नावाची बाई राहायची. बांबूच्या टोपल्यांत मान मुडपून बसवलेली प्लाथू मासळी वाफवून विकायची. तिला पांपासून झालेला एक मुलगा होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि घरात याचा उच्चार कधी झाला नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी पांचे गुडघे गेले, नदी ओलांडणं थांबलं, तेव्हा एका दुपारी ते मालिवानच्या टेबलापाशी आले आणि कॅलेंडरकडे बघत म्हणाले, पलीकडे रोज एक लादी जाऊ दे, मासळीच्या हंगामात दोन-तीन, आणि तुझ्या माला कळता कामा नये. मालिवाननं मान डोलवली.

चार दिवसांनी मा आली. तिनंही कॅलेंडरकडेच बघितलं. त्या बाईचं पोर लहान आहे, म्हणाली, आणि आता हे तिकडे जात नाहीत म्हणजे पैसाही जात नसणार. रोज एक लादी पाठवत जा, हंगामात जास्त, आणि तुझ्या पांना कळता कामा नये, नाहीतर त्यांना वाटेल मी माफ केलं. मालिवाननं पुन्हा मान डोलवली. ती मान डोलवणारी मुलगी होती. घरात एक लागतेच.

तेव्हापासून पांची लादी सकाळच्या निळ्या गाडीतून जायची आणि माची दुपारच्या होडीतून. दोन्हींची नोंद घट खात्यात: घट-१, घट-२. गाडीवाल्याला आणि होडीवाल्याला लागतो म्हणून पलीकडचा फोन नंबरही तिथेच लिहिलेला. घट-३ सुद्धा होतं... त्याच्याकडे येऊच.

मालिवान खोटं लिहायची. पण ती हाडाची हिशेबनीस होती, आणि तिच्या मतानं खोट्या नोंदीला निदान खरा शेरा तरी असावा. जुन्या प्रोग्रॅममध्ये अगदी उजवीकडे शेऱ्याचा रकाना होता, बारा अक्षरांचा, छापील कागदावर न येणारा. तिथे ती रोज खरं लिहायची. एकोणीस वर्षं तिचं खरं त्या बारा अक्षरांत राहिलं.

शनिवारी दुपारपर्यंत पोंगनं जुना हिशेब नव्यात ओतला. लगेच पहिली अडचण आली. मालिवान वर्ष दोन आकड्यांत लिहायची, सगळेच लिहितात. आपलं बुद्धवर्ष २५६७, म्हणजे इंग्रजी २०२४, म्हणून ६७. नव्या सॉफ्टवेअरनं त्याचं केलं २०६७. सगळा हिशेब त्रेचाळीस वर्षं पुढे गेला. वितळलेला बर्फ अजून वितळायचा होता. पा चौसष्ट वर्षांनी जन्मणार होते. आणि बुद्धवर्ष २५१८ सालची मालिवान, वय एकोणपन्नास, ही २०१८ सालची होऊन सहा वर्षांची झाली, तेव्हा सॉफ्टवेअरनं तिचा पगार काढायला साफ नकार दिला आणि बालमजुरीबद्दल लाल अक्षरांत ताकीद दिली. त्या घरात तिच्या बालपणाची कुणी दखल घेतल्याची ही पहिलीच वेळ.

"हे नंतर बघू," पोंग म्हणाला.

दुसरी अडचण गिऱ्हाईक क्रमांक एकची. ते म्हणजे जागेचे देव, अंगणातल्या छोट्या देवघरातले. त्यांना रोज सकाळी लाल सरबताचा पेला जातो आणि त्यात बर्फाचे दोन खडे. मालिवान ते खडेही लिहायची. नवं सॉफ्टवेअर म्हणालं, गिऱ्हाइकाचा फोन नंबर भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पोंगनं स्वतःचा भरला.

तिसरी अडचण रविवारी आली, आणि ती पोंगनं एकट्यानंच बघितली, कारण मालिवान तेव्हा स्वयंपाकघरात त्याच्या आवडीची आंबट आमटी ढवळत होती.

जेवायला चौघं बसले होते. मधे भात, आमटी, तळलेली प्लाथू, नामप्रिकच्या तिखट चटणीची वाटी. पोंगनं लॅपटॉप भाताच्या भांड्याला टेकवून उभा केला.

"ताई, एक विचारू? थंडीत बर्फ जास्त वितळतो का?"

मालिवानचा चमचा हातातच राहिला.

"हा आलेख बघ. एप्रिलमध्ये चाळीस लाद्यांमागे तीन घट. डिसेंबरमध्ये आठ. दर वर्षी. मी शिकलो ते चुकीचंही असेल, पण बर्फ उन्हानं वितळतो ना?"

"उन्हानंच."

"मग डिसेंबरात कुठे जातो?"

डिसेंबरात प्लाथूचा हंगाम असतो. हे टेबलावरच्या तिघांना ठाऊक होतं. मधल्या बशीतल्या तळलेल्या माशालाही ठाऊक असावं, त्याचा चेहरा तसा होता. पडद्यावर तांबड्या अक्षरांत आलं होतं: घट मर्यादेबाहेर, संभाव्य चोरी.

"मी म्हणत नाही हां," पोंग म्हणाला, "हे म्हणतंय."

मालिवाननं पांकडे बघितलं. पा माशाचा एकच काटा पुन्हा पुन्हा काढत होते. तिनं माकडे बघितलं. मा भाताचे कण मोजत होती. मग पा अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "सांग ना, मालि," आणि त्याच क्षणी टेबलाखाली त्यांचा पाय तिच्या डाव्या पायावर पडला आणि दाबून राहिला. मा म्हणाली, "बोल बाई, घरातलीच माणसं आहोत," आणि माचा पाय तिच्या उजव्या पायावर पडला. आई आणि वडील, एकाच टेबलाखाली, एकाच लेकीच्या दोन पायांवर उभे... आणि एकमेकांची दोघांना गंधवार्ता नाही!

ती पोंगकडे वळली. का कोण जाणे, तिला वाटलं, याला तरी आठवेल.

कारण घट-३ हे पोंगचं होतं. अकरा वर्षांपूर्वी बँकॉकच्या गाडीत चढताना त्यानं तिचा दंड धरला होता. दुआंगजाई नावाची मुलगी होती, बाजारात बापाबरोबर मासळी विकणारी; चार वर्षं तिच्याशी बोलून, वचनं देऊन तो निघाला होता, आणि तिला सांगायचं धैर्य त्याला झालं नव्हतं. तिचा बाप नुकताच वारला होता. "तिचं तेवढं बघ, ताई. बर्फाचं तरी. मी सांगितलं म्हणून कळू देऊ नकोस." गाडी सुटली. तेव्हापासून रोज एक पोतं चुरा बर्फ दुआंगजाईच्या ठेल्यावर जात होता.

पण पोंगच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. लपवाछपवी नव्हती, अपराध नव्हता. तो खरंच विसरला होता... मालिवानला चोर म्हटल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. अकरा वर्षं ज्याचा शब्द तिनं जळत्या पणतीसारखा पदराआड जपला, त्याला तो दिल्याचंच स्मरण नव्हतं.

"कुणाला विकतेस, ताई?"

एक वाक्य पुरलं असतं. तिघांपैकी कुणाचंही नाव. पण एक नाव घेतलं की दुसरं उघडं पडणार, आणि मग या टेबलावर पुन्हा कोण कुणासमोर जेवायला बसणार?

"वितळला," ती म्हणाली.

"एकोणीस वर्षं?"

"वितळला रे."

पोंगनं लॅपटॉप मिटला. "चोराला निदान नवी गोष्ट तरी रचता येते," तो म्हणाला. लगेच त्यालाही ते जास्त झाल्यासारखं वाटलं, पण बोललेलं परत घेण्याची सोय त्या घरात कुणीच बसवलेली नव्हती.

मग पा त्या काट्याला उद्देशून म्हणाले, "चार दिवस... चावी इथेच राहू दे." त्यांचा पाय अजून तिच्या पायावर होता. तिला उठायचं होतं म्हणून तिनंच तो हळूच बाजूला केला. मग माचा.

दारात ती थांबली. "सहा वाजता टाकीतलं मीठ बघा," ती म्हणाली. "कमी पडलं तर टाकीच गोठते." आणि ती नदीच्या वळणावरच्या विहाराकडे चालू लागली, तिथे पांढऱ्या वस्त्रातल्या बायका राहतात आणि कुणाला काही विचारत नाहीत.

फोन करून विचारणं हा एक मार्ग होता. प्रत्येक घटीसमोर नंबर होता. पण पोंग अकरा वर्षं बँकॉकला राहिलेला माणूस. सॉफ्टवेअरनं विचारलं, घट-१, २, ३ यांना गिऱ्हाईक म्हणून नोंदवायचं का? त्यानं हो म्हटलं. बिलं पाठवायची का? त्यानं हो म्हटलं. चोरीचा माल घेणारे आपोआप कळतील, हा त्याचा हिशेब.

बिलं सोमवारी सकाळी बरोबर आठ वाजता गेली. आठ वाजता बाजारात राष्ट्रगीत लागतं आणि सगळे आहेत तिथे स्तब्ध उभे राहतात, म्हणून मासळीबाजारात एक फोन वाजला तो कुणी उचलला नाही, नदीपलीकडे एक फोन दोनदा वाजला तोही नाही. अंगणात पोंगचाही वाजला. गीत संपल्यावर त्यानं बघितलं: आदरणीय ग्राहक श्री. जागेचे देव, आपल्याकडे सत्तावीस वर्षांच्या बर्फाची रक्कम येणे आहे, त्वरित भरून सेवा खंडित होणे टाळावे. पोंगनं देवघराकडे बघितलं. आज लाल सरबत कुणी ठेवलं नव्हतं. ते मालिवान ठेवायची.

साडेनऊला एक बाई आली. अठ्ठावन्नची असेल, डोक्याला फडकं, दोन्ही हातांत प्लाथूच्या टोपल्यांची चळत, फोन ब्लाउजमध्ये खोचलेला.

"बिल इथेच भरायचं ना?"

"आपण कोण?" पोंगनं विचारलं.

तिनं फोन काढून बघितला. "घट-एक," ती म्हणाली. मग खाली सरकवून, "आणि घट-दोन. दोन्ही मीच दिसते."

ओसरीवर पा कालचा पेपर वाचत होते. तो हळूहळू वर चढला आणि पा त्यामागे दिसेनासे झाले.

"भरायची तारीख बघितली," सायपिन म्हणाली. "अजून त्रेचाळीस वर्षं आहेत. पण म्हटलं माझं काय खरं. थोडं आत्ताच द्यावं. पैसे कमी आहेत, मासळी आणलीय."

मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात ओले होते. तीस वर्षं एकाच नदीचे दोन काठ वापरणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदाच एका उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, आणि मधे फक्त मासळीचा वास होता.

"दोन कसल्या?" मानं विचारलं. आवाज कोरडा होता, पण तिला उत्तर हवं होतं हे मानेवरून कळत होतं.

"एक लादी सकाळच्या गाडीनं यायची, मोठ्या बाई. ती कोणाची ते ठाऊक होतं." सायपिननं पेपरकडे बघितलं. पेपर हलला. "दुसरी दुपारच्या होडीनं. ती कोणाची ते एकोणीस वर्षं कळलं नाही. होडीवाल्याला विचारलं की म्हणायचा, बर्फ आहे, घ्या."

"पुरायचा?"

"एवढीशी जागा माझी. सकाळचाच पुरायचा." सायपिन ओशाळली. "दुपारचा ठेवायला पेटी नव्हती. तो वितळायचा."

म्हणजे मालिवानची निम्मी नोंद अक्षरशः खरी होती.

पेपर खाली आला. पांनी माकडे बघितलं, अगदी पहिल्यांदा बघावं तसं. "तू पाठवायचीस?"

"तुम्ही पाठवायचात?"

त्या विषयावरचं त्यांचं आयुष्यातलं संभाषण एवढंच. पण त्या दोन प्रश्नांत किती वर्षांचा राग, किती वर्षांचं अव्यक्त औदार्य, किती वर्षांची लाज एकमेकांना ओळखून गहिवरली... मानं ओले हात कमरेला पुसले, सायपिनच्या हातातल्या अर्ध्या टोपल्या उचलल्या आणि म्हणाली, "आत ये. मासा सावलीत ठेव. आणि मीठ कमी घालत जा, गेल्या हंगामात खारट होता." म्हणजे ती खात होती. कुठून आणवत होती, हे कुणी विचारलं नाही.

पोंग उभाच होता. मग तीन कोण? त्यानं लॅपटॉप उघडला, घट-३ शोधलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पडदा उजवीकडे सरकवला. रकाने सरकत गेले: तारीख, नग, वजन, फोन... आणि अगदी शेवटी एक रकाना, जो त्यानं दोन दिवसांत बघितलाच नव्हता.

घट-१ समोर: पा म्हणाले. रोज. घट-२ समोर: मा म्हणाली. रोज. आणि घट-३ समोर, खाली, आणखी खाली, बोट दुखेपर्यंत खाली, तीन हजार नऊशे बारा वेळा: पोंग म्हणाला. पोंग म्हणाला. पोंग म्हणाला.

त्याला बस स्टँड आठवलं. गाडीचा धूर आठवला. ताईच्या दंडावरची आपली बोटं आठवली.

नेमका तेव्हाच फोन वाजला. दुआंगजाईचं उत्तर होतं, पाठवणाऱ्याचं नाव बघून बिलाखालीच लिहिलेलं: मी दर महिन्याला पैसे घेऊन येत होते, तुमच्या ताई घेत नव्हत्या, म्हणायच्या तुझं नाव हिशेबातच नाही. आता नाव आलंय तर हप्त्यानं भरीन. कळावे, खुन पोंग.

एके काळी ती त्याला नुसतं पोंग म्हणायची, पुढे 'श्री'सारखं 'खुन' न लावता.

पोंग विहारात पोचला. मालिवान तिथे निवांत बसली असेल असं त्याला वाटलं होतं. ती मंडपात मांडी घालून, चष्मा लावून दानाची वही बघत होती. आल्या आल्या संध्याकाळी मुख्य भिक्खूंनी विचारलं होतं, काय येतं? तिनं हिशेब म्हटलं, आणि त्यांनी नऊ वर्षांच्या वह्या आणून पुढ्यात ठेवल्या. हे तेच भिक्खू, ज्यांनी एके काळी तो प्रोग्रॅम लिहिला होता. त्यांच्या वह्या जुळत नव्हत्या, पण त्याला ते अनित्य म्हणत होते.

पोंग तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टेकवलं ते उचललंच नाही.

"ऊठ," मालिवान म्हणाली. "आत्ताच फरशी पुसलीय. ओली आहे."

"मी विसरलो, ताई."

"हो."

"तू सांगायचं होतंस ना. काल. टेबलावर. एवढंच म्हणायचं, तूच सांगितलंस म्हणून."

मालिवाननं चष्मा काढला. "तू म्हणाला होतास, सांगू नकोस." मग डोळे वहीवरच ठेवून, "मला वाटलं होतं, बघशील माझ्याकडे आणि आठवेल... चोर म्हणालास त्याचं काही नाही रे. चोर कुणालाही म्हणतात. पण तू इतका छान विसरलास."

त्याचे खांदे हलू लागले. ओल्या फरशीवर आणखी थोडं पाणी पडलं. त्याची नोंद कुणी केली नाही. ती त्याच्या केसांवर हात ठेवून बसून राहिली, आणि दुसऱ्या हातानं तिनं वहीतली एक बेरीज दुरुस्त केली.

"आणि दुआंगजाई?" तिनं विचारलं.

"हप्त्यानं भरणार म्हणते."

"तुला स्वतः जावं लागेल. बिल रद्द करायला. सॉफ्टवेअरमधून नाही, पायांनी."

"ती बोलणार नाही माझ्याशी."

"नको बोलू दे. पोतं उचलून ठेल्यावर ठेव आणि परत ये. मी अकरा वर्षं तेच केलं."

घरी ती परतली तेव्हा चावी आमटीच्या भांड्याशेजारीच होती. कुणी हलवली नव्हती. टाकीतलं मीठ कुणी बघितलं नव्हतं, आणि सहा लाद्या टाकीलाच चिकटल्या होत्या. मानं तिच्या ताटात माशाचा पोटाकडचा मऊ भाग वाढला. पांनी काटा काढून दिला, जो त्या माशात बहुधा नव्हताच. टेबलाखाली तिचे दोन्ही पाय मोकळे होते, आणि तिला ते इतके हलके लागले की क्षणभर तिला भीती वाटली.

मंगळवारी सकाळी ती खुर्चीत बसली. समोर नवं सॉफ्टवेअर, पांढरं, चकचकीत. थोड्या वेळानं पा आले आणि कॅलेंडरकडे बघू लागले.

"तुझी मा पाठवतेच आहे ना पलीकडे," ते म्हणाले. "मग माझी लादी बंद कर. दोन जातात, एक वितळते. तिला सांगू नकोस."

तिनं मान डोलवली.

दुपारी मा आली. कॅलेंडरवर अजून तोच महिना होता. "तुझे पा पाठवतातच ना," ती म्हणाली. "मग माझी बंद कर. उगाच वाया. त्यांना सांगू नकोस हं."

तिनं पुन्हा मान डोलवली. मग दोन्ही नोंदी बंद केल्या आणि बघितलं, तर उद्यापासून नदीपलीकडे एकही लादी जात नव्हती. दोघांनी इतक्या समजुतीनं, इतक्या प्रेमानं एकमेकांवर सोपवलं होतं की सायपिनच्या मासळीला आता बर्फच नव्हता.

मग तिनं एक नवी नोंद उघडली: घट-४, रोज एक लादी, सकाळची गाडी. शेऱ्याच्या रकान्याशी ती आली आणि तिची बोटं थांबली. एकोणीस वर्षांत या जागी तिनं सगळ्यांची नावं लिहिली होती, फक्त एक नाव सोडून. तिनं लिहिलं: मी म्हणाले.

सॉफ्टवेअरनं ते स्वीकारलं नाही; जुने शेरे त्यानं ठेवले होते, नवे घेत नव्हतं. कमी होण्याचं कारण दिलेल्या यादीतूनच निवडा, ते म्हणालं. म्हणून तिनं मदतीच्या पानावर जाऊन रीतसर अर्ज लिहिला, आणि पोंगनं तो वाचून, एक अक्षर न बदलता, पाठवला.

विषय: घट नोंदवण्यासाठी रकाना मिळण्याबाबत.

माननीय महोदय, आपल्या प्रणालीत माल कमी होण्याची चार कारणे दिली आहेत: चोरी, मोडतोड, मुदतसमाप्ती आणि नमुना. आमचा माल यांपैकी कोणत्याही कारणाने कमी होत नाही. तरी 'चोरी' आणि 'मोडतोड' यांच्या मधोमध एक रकाना द्यावा. त्यात कोणी सांगितले हे लिहिण्यापुरती बारा अक्षरांची जागा असावी. तो घरातील कोणालाही दिसू नये. मात्र कधीतरी कोणीतरी उजवीकडे सरकून बघेल, इतपत दिसावा. ग्राहक क्रमांक एक यांना पुन्हा तगादा लावू नये, ते नाराज आहेत. तसेच आमच्या लेखापालांचे वय प्रणालीत सहा वर्षे दाखवले जात आहे. ते चुकीने झाले असल्यास दुरुस्त करावे. परंतु मधली त्रेचाळीस वर्षे परत करण्याची काही तरतूद आपल्याकडे असल्यास वय आहे तसेच ठेवून सदर वर्षे लेखापालांच्या खात्यावर जमा करावीत, ही नम्र विनंती.